मनाच्या डॉक्टरकीची सनद कुणाच्या नावावर?

दोस्तहो, सरळ विचारतो. साप चावला तर कुठं पळायचं हे आमच्या सोनाळ्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. ताप आला, हगवण लागली, बाळंतपण अडलं, तरी रस्ता ठरलेला. खड्ड्यांचा असेल, पण आहे. मन फाटलं तर कुठं जायचं?

सातपुड्याच्या पायथ्याशी, अंबाबरव्याच्या जंगलाजवळ, मध्य प्रदेशच्या शिवेवरचं आमचं गाव. कपाशी, सोयाबीन, तूर. या गावात मनाच्या दुखण्याला चार पत्ते आहेत. पहिला, बाहेरचं पाहणारा भगत. दुसरा, सैलानी. तिसरा, दारूचा गुत्ता. चौथा, फवारणीच्या औषधाचा डबा. या चारही दारांत कुणी कुणाला सर्टिफिकेट विचारत नाही. चारही दारं रात्रंदिवस उघडी.

पाचवा पत्ता कायद्याच्या पुस्तकात आहे. त्याचं नाव क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. गोळ्या लिहून देणारा तो सायकियाट्रिस्ट, तो एम.बी.बी.एस. करून वर एम.डी. झालेला असतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणजे मनाची तपासणी करणारा, चाचण्या घेणारा, बोलून-शिकवून माणसाला पुन्हा उभं करणारा, आणि त्यासाठी सरकारी रजिस्टरात नाव असलेला माणूस. सोनाळ्याहून जिल्ह्याचं ठिकाण शंभरावर किलोमीटर. नागपूरचं सरकारी मनोरुग्णालय तीनशे किलोमीटरच्या घरात. आता तुम्हीच सांगा, ज्या बाईला चार दिवस झोप नाही आणि जिची आजची मजुरी बुडाली तर चूल पेटत नाही, ती यातला कोणता पत्ता गाठणार?

२०२४-२५ च्या हिवाळ्यात शेजारच्या शेगाव तालुक्यातल्या गावांत लोकांचे केस झपाट्यानं गळायला लागले, टकलं पडली. पेपरात बातम्या आल्या, देशभर बोभाटा झाला, दिल्लीहून शास्त्रज्ञांचं पथक आलं. आलं ते बरंच झालं. पण हिशेब ध्यानात ठेवा. आमचे केस गेले तर दिल्लीचं पथक येतं. आमचा जीव जातो तेव्हा तलाठी येतो.

मी बोलणार आहे ते या पाचव्या पत्त्याबद्दल. तिथं पाटी कुणाची लागते, ती पाटी लावायची सनद कशी मिळते, आणि गावकुसाबाहेरच्या पोरापोरींनी ती का मिळवली पाहिजे, याबद्दल.

१

आधी सैलानीचं बोलू. नाही तर कुणी म्हणेल, आपल्या जिल्ह्याचं झाकून हा लांबच्या गोष्टी सांगतो.

पिंपळगाव सराईजवळचा सैलानी बाबांचा दर्गा. होळीच्या सुमारास मोठी यात्रा. नारळांची होळी पेटते. हिंदू, मुसलमान, बौद्ध, सगळे येतात, परराज्यांतूनही येतात. अंगात आलेली, बडबडणारी, गप्प झालेली, दोरीनं बांधलेली माणसं घेऊन त्यांच्या आया येतात. या आयांना हसणारा सुशिक्षित माणूस मला बिनडोक वाटतो. ती माय अंधश्रद्धेच्या हौसेनं आलेली नाही. तिच्या लेकाला बसवून घेणारी, दोन दिवस टेकू देणारी दुसरी जागा या मुलखात कुणी उघडलीच नाही. दवाखान्यानं सोडलेली जागा दर्ग्यानं भरली.

पण त्या जागेत काय होऊ शकतं तेही बघा. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूत एरवाडीला, अशाच एका दर्ग्याच्या आसऱ्यानं चालणाऱ्या खाजगी आश्रमाला आग लागली. साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण जागच्या जागी जळून मेले. पळायला पाय होते, पण पाय साखळीत होते. त्यानंतर कोर्ट हललं, सरकार हललं. मानसिक आरोग्यसेवा कायदा मात्र २०१७ साली झाला आणि २०१८ च्या मे महिन्यात अमलात आला. या कायद्यानं माणसाला कोणत्याही तऱ्हेनं साखळीत बांधायला बंदी केली. त्याच्या १८ व्या कलमानं सांगितलं की मानसिक आरोग्याची सेवा मिळणं हा प्रत्येक माणसाचा हक्क आहे. त्याआधी, २०१३ साली, दाभोलकरांचा खून झाल्यावर महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला होता.

म्हणजे भगतावर बंदी आहे, साखळीवर बंदी आहे. बंदी घालायला सरकारला खर्च येत नाही. साखळी सोडल्यावर त्या माणसाशी बोलणारं माणूस नेमायला खर्च येतो. तिथं येऊन सगळं अडतं.

२

आता सनदेची वाट. हातात कागद-पेन्सिल घेऊन वाचा, कारण ही वाट आपल्याला कुणी समजावून सांगत नाही. ज्यांच्या घरात मामा-काका प्रोफेसर असतात त्यांना ती जेवताना कळते.

१९९२ साली भारतीय पुनर्वसन परिषदेचा कायदा झाला. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं नाव या परिषदेच्या केंद्रीय रजिस्टरात लागतं. नाव नसताना ही प्रॅक्टिस केली तर एक वर्षापर्यंत कैद, किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. रजिस्टरात नाव लागायला नुसतं मानसशास्त्राचं एम.ए. पुरत नाही. बारावीनंतर बी.ए.ची तीन वर्षं, एम.ए.ची दोन, आणि त्यावर परिषदेनं मान्य केलेल्या संस्थेत पूर्णवेळ दोन वर्षांचं एम.फिल., दवाखान्यात, वरिष्ठांच्या नजरेखाली पेशंट तपासत. अशी सात वर्षं. २०१७ च्या कायद्यानंही क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची व्याख्या याच मापानं केली.

सात वर्षं शिकायला लागतात याबद्दल माझी तक्रार नाही. मनाशी खेळ नको. अर्धवट शिकलेला माणूस दुसऱ्याच्या डोक्यात हात घालतो तेव्हा काय होतं ते भगताकडं आपण पाहिलेलं आहे. माझी तक्रार ‘पूर्णवेळ’ या शब्दाखाली जे दडलेलं आहे त्याबद्दल आहे. पूर्णवेळ म्हणजे सात वर्षं घरातलं एक कमावतं माणूस बिनकमाईचं. पूर्णवेळ म्हणजे मोठ्या शहरात खोली, मेस, प्रवास. मान्यताप्राप्त संस्था बहुतेक मोठ्या शहरांत, एकेका संस्थेत जागा मोजक्या, खाजगी संस्थेची फी लाखांत. विद्यावेतन मिळेलच असं नाही. मिळाली तर भारत सरकारची शिष्यवृत्ती, आणि तीही बऱ्याचदा वर्ष उलटल्यावर. कापूस वेचणाऱ्या आईच्या पोरीनं या सात वर्षांचा हिशेब कुठल्या पाटीवर मांडायचा?

बरं, ही शिडी तरी जागेवर राहावी! नोव्हेंबर २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं एम.फिल. ही पदवीच बंद केली. सनदेची वाट त्याच पदवीतून जात होती. बोंब झाली तेव्हा जानेवारी २०२४ मध्ये क्लिनिकल सायकॉलॉजीपुरती मुदत वाढवली, ती २०२५-२६ या सत्रापर्यंत. तिकडं २०२१ साली आरोग्यक्षेत्रातल्या संलग्न व्यवसायांसाठी नवा आयोग नेमणारा कायदा झाला. क्लिनिकल सोडून बाकीचे सायकॉलॉजिस्ट त्याच्या यादीत गेले. त्या कायद्याकडं बोट दाखवून ऑगस्ट २०२५ मध्ये अनुदान आयोगानं मानसशास्त्राचे दूरशिक्षणातले आणि ऑनलाइन अभ्यासक्रम बंद करायला लावले.

दूरशिक्षण कोण घेत होतं? दिवसा अंगणवाडीत राबणारी, लग्न होऊन लेकरं झालेली, पंपावर, दुकानात, शेतात काम करून रात्री पुस्तक उघडणारी आपली माणसं. पोस्टानं पुस्तक मागवून मन तपासता येत नाही, हे मलाही पटतं. पण मग कॉलेज आणा ना आमच्या दारी! खिडकी बंद करताय तर दार उघडा. खिडकीही बंद, दारही बंद, आणि वर विचारता की या समाजातून सायकॉलॉजिस्ट का येत नाहीत? दिल्लीत एक फाईल हलते, इकडं एका पोरीची सात वर्षं हलतात.

३

मी एम.ए. मानसशास्त्र केलं. सनद नाही, म्हणून पाटी लावत नाही. कुणी आलं तर ऐकून घेतो आणि अकोल्याची वाट दाखवतो. एम.फिल.च्या मुलाखतीला मात्र मी गेलो होतो. संस्थेचं नाव सांगत नाही, एका नावानं प्रश्न संपत नाही. टेबलापलीकडं पाच माणसं. आधी गाव विचारलं, मग पूर्ण नाव, मग पुन्हा एकदा आडनाव. मग एक केस दिली. मी उत्तर देताना म्हणालो, बाई म्हणते, उरात धडधड होते, जीव घाबरा होते. त्यावर टेबलापलीकडून हसू आलं. “तुम्ही पेशंटशी असं बोलणार?”

मी म्हटलं, “साहेब, पेशंटच असं बोलते.”

निवड झाली नाही, ते जाऊ द्या. जागा थोड्या, येणारे फार. पण ते हसू महत्त्वाचं आहे. आमच्याकडं डिप्रेशन हा शब्द घेऊन कुणी येत नाही. बाया म्हणतात, “मले काहीच गोड लागत नाही बाप्पा. जेवन समोर असते, पण घासच उतरत नाही.” बुढा म्हणतो, “डोक्यात निरा किडे वळवळून राह्यले.” पोट्टा काहीच म्हणत नाही, नुसता जमिनीकडं पाहत बसतो, आणि त्याची माय सांगते, “याच्यावर कोनाची तरी नजर हाय.” सातपुड्याच्या पोटातला कोरकू माणूस तर मराठीतही सांगत नाही, त्याची भाषाच वेगळी. मनाचं दुखणं अंगाच्या भाषेत, देवाच्या भाषेत, भुताच्या भाषेत येतं. ही भाषा ज्याला येते त्याला सनद नाही. ज्याला सनद आहे त्याला ही भाषा हसण्यासारखी वाटते.

आणि सनद म्हणजे नुसती कमाई नव्हे. सनद म्हणजे सत्ता. कोणतं लेकरू बुद्धीनं मागं आहे हे त्या सहीनं ठरतं. फ्रान्समध्ये बिने यानं १९०५ साली बुद्धिमापनाची चाचणी काढली. आपल्याकडं डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी ती मराठी आणि कानडी मुलांसाठी बेतली, आणि बिने-कामत चाचणी म्हणून ती पुढं कित्येक दशकं वापरात राहिली. कामतांनी मोठं काम केलं, इंग्रजी चाचणीच्या खाली चिरडण्यापेक्षा आपल्या भाषेतली चाचणी केव्हाही बरी. पण चाचणी घेणारा कोण, हा प्रश्न उरतोच. वर्षातले चार महिने आईबापाबरोबर ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेलेलं पोर शाळेत गप्प बसलं, तर ते मतिमंद की भेदरलेलं? ज्यानं वीटभट्टी पाहिली आहे त्याचं उत्तर वेगळं येईल.

अमेरिकेत हाच झगडा झालेला आहे. काळ्या पोरांना बुद्ध्यंकाच्या चाचणीवरून मंदबुद्धींच्या वर्गात ढकलत होते. १९६८ साली काळ्या मानसशास्त्रज्ञांनी गोऱ्यांच्या संघटनेच्या अधिवेशनातच बंड करून आपली वेगळी संघटना उभी केली, आणि या चाचण्या थांबवा म्हणून मागणी लावून धरली. १९७९ साली लॅरी पी. खटल्यात कॅलिफोर्नियाच्या फेडरल कोर्टानं काळ्या मुलांना अशा वर्गात टाकण्यासाठी त्या चाचण्या वापरायला मनाई केली. लक्षात घ्या, बंड करणारे स्वतः सनदवाले होते. त्यांना चाचणी आतून माहीत होती, म्हणून तिचं पोट फाडता आलं.

४

आपल्याच चळवळीतले काही दोस्त म्हणतात, हे मन-बिन पांढरपेशांचे चोचले. जमीन द्या, रोजगार द्या, मन आपोआप ठिकाणावर येईल. त्यांच्याशी मला भांडायचं आहे.

अर्धं खरं आहे त्यांचं. उपाशी माणसाला समुपदेशन देणं ही थट्टा आहे. २०२२ साली या देशात शेतीवर जगणाऱ्या ११,२९० माणसांनी आत्महत्या केली. त्यात शेतकरी ५,२०७ आणि शेतमजूर ६,०८३. हे सरकारचेच, राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे आकडे आहेत. मजूर जास्त मेले. पण शेतकरी आत्महत्या म्हणून सरकारी मदत मागायला गेलं की तलाठी सातबारा विचारतो. ज्याच्या सात पिढ्यांत सातबारा नाही त्या सालगड्याच्या बायकोनं काय दाखवायचं? मरणाच्या रांगेत मजूर पुढं, मदतीच्या रांगेत मागं. २००६ साली पंतप्रधानांचं पॅकेज विदर्भाच्या सहा जिल्ह्यांना मिळालं, बुलडाणा त्यात होता. त्यातही बोलणं कर्जाचं, व्याजाचं, सिंचनाचं. ज्याला बँक कर्जच देत नाही त्याचं नाव कशाला निघेल?

पण उरलेलं अर्धं बघा. २०२० साली डायन कॉफी आणि आशिष गुप्ता या संशोधकांनी देशातली आकडेवारी तपासली. घरातली मालमत्ता, खर्च, शिक्षण, सगळं सारखं धरलं तरी दलितांच्या आणि मुसलमानांच्या मनाची तब्येत उच्चजातीय हिंदूंपेक्षा वाईट निघाली. म्हणजे पैसा आला, पदवी आली, तरी काहीतरी उरतं. ते काय, हे मी या मासिकाच्या वाचकाला सांगायला नको.

रोहित वेमुला, १७ जानेवारी २०१६, हैदराबाद. पीएच.डी. करत होता. डॉ. पायल तडवी, २२ मे २०१९, मुंबई. आपल्या शेजारच्या जळगाव जिल्ह्याची, तडवी भिल्ल समाजाची पोर, एम.डी. करत होती. जातीवरून छळ केल्याच्या आरोपाखाली तीन सीनियर डॉक्टरांवर खटला भरला गेला. ही माणसं अडाणी नव्हती, भुकेली नव्हती. दवाखान्याच्या आत, डॉक्टरांच्या गर्दीत पायल एकटी पडली. अशा पोरापोरींना कॉलेजातल्या समुपदेशकाकडं धाडतात. तो विचारतो, तुला जरा जास्तच लागतं का? घरी टेन्शन आहे का? योगा करतेस का? जात हा शब्द त्याच्या तोंडून निघत नाही, कारण त्याच्या पुस्तकात तो नव्हता. फ्रॉइडचं व्हिएन्ना त्याला पाठ आहे. महारवाडा पाठ नाही.

फ्रान्झ फॅनन हा मार्टिनिकचा काळा माणूस, मनाचा डॉक्टर. १९५३ साली तो अल्जीरियात ब्लिदाच्या मनोरुग्णालयात रुजू झाला. तिथं त्यानं पाहिलं की एका बाजूनं छळ सोसून वेडे झालेले अल्जीरियन येतात आणि दुसऱ्या बाजूनं छळ करून झोप उडालेले फ्रेंच पोलीस येतात. राज्यच माणसं वेडी करत असेल तर दवाखान्यात एकेकाला शहाणं करून पुन्हा तिथंच पाठवण्यात काय अर्थ, असा प्रश्न त्याला पडला. १९५६ साली त्यानं राजीनामा दिला आणि तो लढ्यात गेला. आपले दोस्त फॅननचा राजीनामा सांगतात. पण राजीनामा द्यायला आधी सनद लागली, हे विसरतात. डॉक्टर म्हणून त्यानं जे पाहिलं ते आंदोलक म्हणून नुसत्या मोर्चात फिरून दिसलं नसतं.

आणि सनद एकट्याची राहत नाही. फ्रान्सिस सम्नर हा अमेरिकेतला पहिला काळा माणूस, ज्याला १९२० साली मानसशास्त्राची पीएच.डी. मिळाली. तो हॉवर्ड विद्यापीठात शिकवायला लागला. त्याच्या हाताखाली केनेथ क्लार्क आणि मॅमी क्लार्क तयार झाले. हे नवराबायको पुढं कोलंबिया विद्यापीठात शिकले. त्याच कोलंबियात, जिथं १९१३ साली बाबासाहेब गेले होते. क्लार्क दांपत्यानं काळ्या लेकरांपुढं काळ्या आणि गोऱ्या बाहुल्या ठेवल्या आणि विचारलं, यातली चांगली कोणती? बहुतेक लेकरांनी गोरी उचलली. १९५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या शाळा बेकायदा ठरवल्या, तेव्हा या अभ्यासाचा आधार घेतला. एक सनद, तिच्यातून दोन, आणि ३४ वर्षांत कायद्याची भिंत पडली. आमच्या लेकरांपुढं बाहुल्या ठेवणारा कुठाय?

५

आता कुणी शहाणा म्हणेल, खेड्यात सायकॉलॉजिस्ट कशाला, गावातलीच बाई थोडी शिकवली की झालं. यातही तथ्य आहे, आणि यातच डाव आहे.

तथ्य असं. अमरावती जिल्ह्यातल्या तीसेक गावांत विश्राम नावाचा प्रकल्प चालला, २०११ नंतरची काही वर्षं. गावातल्याच माणसांना शिकवून त्यांनी घरोघर मनाच्या दुखण्याबद्दल बोलायला सुरुवात केली, ऐकून घेतलं, गरज पडली तिथं डॉक्टरकडं धाडलं. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोचणारे आधी शंभरात चार होते, दीड वर्षात सत्तावीस झाले. झिम्बाब्वेत डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ पासून म्हाताऱ्या आज्यांना शिकवून दवाखान्याच्या आवारात बाकड्यावर बसवलं. तिथंही गुण आला. म्हणजे गावच्या बाईला जमतं. आमच्या मायला जमतं, हे आम्हाला आधीच ठाऊक होतं, आता कागदावरही आलं.

डाव असा. हेच कागद दाखवून उद्या सरकार म्हणेल, गरिबाला मानधनावरची ताई पुरे. म्हणजे शहरातल्या साहेबाला सनदवाला, तासाला हजार-दोन हजार मोजून. आणि सोनाळ्याला आशा ताई, जिच्या डोक्यावर आधीच लसीकरण, बाळंतपण, क्षयरोग आणि दहा रजिस्टरं. २०१५ साली महाराष्ट्रात १४ जिल्ह्यांसाठी प्रेरणा प्रकल्प काढला, त्यातही घरोघर जायचं काम आशांच्याच पायांवर टाकलं. २०२२ च्या ऑक्टोबरात टेली-मानसचा १४४१६ हा नंबर सुरू झाला. नंबर लिहून ठेवा, फुकट आहे, मराठीतही बोलता येतं, जीव वाचू शकतो. पण फोनच्या पलीकडचा आवाज दारात येऊन बसत नाही.

गावच्या ताईला काम द्यायला माझा विरोध नाही. तिला कायमची खालच्या पायरीवर ठेवायला आहे. कष्ट खालच्यानं करायचे आणि सही वरच्यानं, हे आम्ही ओळखतो. त्याला हजारो वर्षांचं जुनं नाव आहे. जी बाई पाच वर्षं गावात लोकांचं मन ऐकते तिला तिच्या कामाचं श्रेय धरून पुढं शिकता आलं पाहिजे, पगारासकट, आणि शेवटी त्याच रजिस्टरात तिचं नाव लागलं पाहिजे. शिडी एकच हवी. तिची खालची पायरी गावात हवी.

६

काही जण उलट टोकाला जातात. म्हणतात, सनद ही व्यवस्थेची, ती कशाला मागायची? त्यांना बाबासाहेबांची आठवण देतो. कोर्ट ब्राह्मणी आहे, कायदा इंग्रजांचा आहे, हे बाबासाहेबांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. तरी ते ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले. इथं सनद काढायला हातात पैसे नव्हते, मित्राकडून मदत घ्यावी लागली. १९२३ साली मुंबईच्या हायकोर्टात त्यांनी वकिली सुरू केली. चार वर्षांनी महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. सनातन्यांनी तळ्यासाठी दावा लावला तेव्हा तो कोर्टात लढायलाही तोच माणूस होता. तळ्यावर ओंजळ भरायला हजारो हात लागले, कोर्टात बोलायला सनद लागली. आपल्याला दोन्ही पाहिजे.

आणि मन हा विषय परक्यांचा नाही. १९३६ सालीच बाबासाहेबांनी बजावलं होतं की जात माणसाच्या मनात घर करून बसते, तिथून तिला काढल्याशिवाय ती जाणार नाही. १९५६ साली त्यांनी आपल्याला जो धम्म दिला त्याच्या मध्यभागी देव नाही, मन आहे. मनाचा विचार करणं ही आपली परंपरा आहे. ती विद्या आज ज्यांच्या ताब्यात आहे त्यांनी ती महाग करून ठेवली, एवढंच.

म्हणून मागण्या सरळ मांडतो. युवक संघटनांनी त्या तहसीलवर, जिल्हा परिषदेवर, विद्यापीठावर न्याव्यात.

एक. बुलडाण्याला २०२४ साली सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं. तिथं क्लिनिकल सायकॉलॉजीचं मान्यताप्राप्त प्रशिक्षण सुरू करा, सरकारी फीमध्ये. पश्चिम विदर्भातल्या पोरांना त्यासाठी पुण्या-मुंबईचं तोंड पाहायला लावू नका.

दोन. प्रशिक्षणाच्या काळात प्रत्येकाला डॉक्टरांसारखं विद्यावेतन द्या, आणि ते दर महिन्याला द्या. आरक्षणाची जागा भरली नाही तर ती का भरली नाही ते जाहीर करा.

तीन. मुलाखत आणि प्रात्यक्षिक मराठीतून देता आलं पाहिजे. कोरकू, भिली, गोंडी बोलणाऱ्याला जास्तीचे गुण द्या, तो जास्तीचं जाणतो.

चार. जात, अस्पृश्यता, बहिष्कार, अत्याचार यांचा मनावर काय परिणाम होतो हा विषय अभ्यासक्रमात सक्तीचा करा. ज्याला तो येत नाही त्याला सनद देऊ नका.

पाच. दूरशिक्षण बंद केल्यानं ज्यांची वाट तुटली त्यांच्यासाठी तालुक्याच्या कॉलेजात संध्याकाळचे वर्ग काढा. आशा आणि अंगणवाडी ताईंना पगारी शिक्षणरजा द्या.

सरकार हे सहजासहजी देणार नाही. तोवर आपण काय करू शकतो? १९७० नंतर अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरांनी वस्त्यावस्त्यांत फुकट दवाखाने उघडले होते. १९७२ साली ज्या पँथरचं नाव आपल्या पोरांनी उचललं, त्या पँथरचं हेही काम होतं. डरकाळी तेवढी आपण घेतली, दवाखाना राहून गेला. प्रत्येक विहारात आठवड्यातून एक संध्याकाळ मन मोकळं करायला ठेवा. वर्गणी काढताना भीमजयंतीच्या डीजेचा एक दिवस कमी करा, आणि त्या पैशात वस्तीतली एक पोरगी सायकॉलॉजीला धाडा. एकच धाडा, पण सात वर्षं पुरवा. मध्येच तिचं लग्न लावून देऊ नका.

पोरींनो, तुम्हाला शेवटचं सांगतो, कारण तुम्हीच हे कराल असं मला वाटतं. नर्स व्हा, मास्तरीण व्हा, पोलिसात जा, सगळं चांगलंच आहे. पण तुमच्यातली एखादी या वाटेला जाऊ द्या. टेबलापलीकडचे हसतील. तुमची बोली सोडू नका, तेच तुमचं हत्यार आहे. सनद घ्या आणि सातपुड्याच्या पायथ्याला परत या. मनाच्या डॉक्टरकीचा सातबारा आजवर दुसऱ्यांच्या नावावर होता. त्यात आपलं नाव चढवायचं आहे, आणि ती नोंद करायला कुणी तलाठी आपणहून येणार नाही.

जयभीम.